शेऱ्याचा रकाना

तो माणूस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि काही बोलेचना.

“काय पाहिजे?” मी विचारलं.

त्याने हेल्मेट काखेत धरलं. तोंड उघडलं. मानेची शीर ताठ झाली, पण आवाज काही आला नाही.

“अहो, पासवर्ड गेला का? कुठल्या केंद्राचे तुम्ही?”

त्याने मान हलवली आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. येतानाच लिहून आणला होता. ‘दुरसिंग पावरा. एक्स-रे, बोरद. खातं लॉक झालं आहे. कालपासून चार वेळा फोन केला. तुम्ही ठेवून दिला.’

चार फोन मला आठवले. उचलला की पलीकडे नुसता श्वास. मी दोनदा ‘हॅलो’ म्हणालो होतो आणि ठेवून दिला होता. चौथ्या वेळी तर शिवीही दिली होती.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी तळोद्याला एका आरोग्य संस्थेत नोकरीला होतो. एक मोठा दवाखाना आणि डोंगरात, सपाटीवर मिळून अकरा केंद्रं. माणसं सहाशे बारा. संगणकाच्या खोलीत आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको कुमुद. सर्व्हर, वायरी, बिघाड हे माझं काम. माणसांची खाती तिच्याकडे. नवा माणूस आला की खातं काढायचं, गेला की बंद करायचं, बदली झाली की कप्पा बदलायचा आणि पासवर्ड विसरला की नवा द्यायचा.

ही सगळी खाती ज्या मशीनमध्ये असतात त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. सोपं करून सांगायचं तर हजेरीपुस्तक आणि किल्ल्यांचा जुडगा, दोन्ही एकाच पेटीत. कोण कोण आहे आणि कुणाला कुठलं दार उघडतं, हे त्यालाच ठाऊक. सकाळी नर्सने मशीन उघडलं की ते आधी या पेटीला विचारतं, ही बाई आपली का? पेटी हो म्हणाली तरच पुढे.

कुमुद मे महिन्यात आजारपणात गेली. त्यानंतर फोनही मीच घ्यायला लागलो.

मी दुरसिंगचं कुलूप काढून दिलं. अर्ध्या मिनिटाचं काम. “झालं,” म्हणालो. तो हलला नाही. माझ्याच टेबलावरचं पेन उचलून त्याने त्याच कागदावर आणखी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

‘ताई थांबायच्या.’

त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली.

‘ताई म्हणाल्या होत्या, तुझं लिहून ठेवलंय. मी नसले तरी फोन उचलणारा थांबेल.’

“कुठे लिहून ठेवलंय?” मी विचारलं.

त्याने माझ्या पडद्याकडे बोट केलं.

मी त्याचं खातं पुन्हा उघडलं. नाव, हुद्दा, केंद्र, फोन. सगळ्यात खाली शेऱ्याचा रकाना. रकाना रिकामा होता.

तो मीच रिकामा केला होता.

ऑगस्टमध्ये संगणकांची तपासणी करायला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी माझ्या हातात दोन कामं ठेवली. एक, खात्यांच्या शेऱ्यात बरंच खासगी लिहिलेलं दिसतं, ते कुणालाही वाचता येतं, काढून टाका. दोन, जे लोक आता नाहीत त्यांची खाती बंद करा. पहिलं काम मी त्याच दुपारी केलं. एका ओळीची आज्ञा लिहिली आणि सहाशे बारा रकाने पुसून टाकले. एकही वाचला नाही. कुमुद शेवटचे काही महिने काहीतरी टाइप करत असायची ते मला दिसायचं. मी एकदा म्हणालोही होतो, “खात्यांवर कादंबरी लिहिते आहेस का?” ती म्हणाली होती, “तुम्हाला नाही आवडायची.” आणि हसली होती. त्या दुपारी तिचं टाइप केलेलं समोर आलं असतं तर मला बसवलं नसतं, म्हणून न बघता पुसलं.

दुसरं काम एकाच माणसापुरतं होतं. ते मी उद्यावर टाकत राहिलो होतो. जानेवारी उजाडला तरी तिचं खातं चालूच होतं.

“थांब जरा,” मी दुरसिंगला म्हणालो आणि बॅकअप बघायला गेलो. उगाच गेलो. आमच्याकडे बॅकअप एकवीस दिवसांचा राहायचा, मग त्याच्यावरच नवा चढायचा. ऑगस्टचं काहीच शिल्लक नव्हतं. मोठ्या केंद्रांत त्या पेटीच्या नकला होत्या, पण त्या रोज एकमेकींशी बोलतात. इथे पुसलं की तासा-दोन तासांत सगळीकडे पुसलं जातं. त्यासाठीच त्या असतात.

मग मला उमरपाटी आठवलं.

उमरपाटीचं केंद्र पार डोंगरात. तिथे स्वतःची नक्कल होती, कारण तिथली लाइन कायम जात असे. जुलैच्या मध्यात घाटात दरड आली आणि केबल सगळीच वाहून गेली. ती अजून जोडायची होती. म्हणजे ऑगस्टमध्ये मी जे पुसलं ते त्या पेटीपर्यंत पोचलंच नव्हतं. जगात तेवढं एकच मशीन होतं ज्याला मी काय केलं ते माहीत नव्हतं.

पाठोपाठ दुसरी गोष्ट आठवली.

असल्या पेटीचा एक नियम असतो. ती एकशे ऐंशी दिवसांहून जास्त दिवस तुटून राहिली तर तिला परत घेत नाहीत. मधल्या काळात काय काय काढून टाकलं ते तिला ठाऊक नसतं, ती जोडली की मेलेली खाती पुन्हा उभी करते. म्हणून ती आधी कोरी करायची आणि नव्याने भरायची. एकशे ऐंशी दिवस संक्रांतीच्या आधीच संपले होते. कोरं करायच्या कागदावर सही माझीच होती. आणि ते काम करायला धुळ्याचा इंजिनिअर बडगुजर त्याच दिवशी सकाळी आठला संस्थेची जीप घेऊन वर गेला होता. घड्याळात सव्वा अकरा वाजले होते. उमरपाटीचा फोन त्या केबलबरोबरच गेला होता, मोबाइल तिथे लागत नव्हता.

“दुरसिंग, तू कशावर आलास?”

त्याने हेल्मेट वर करून दाखवलं.

“उमरपाटीला नेशील मला? आत्ता?”

त्याने मान हलवली, आणि मी उठलो.

मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा. मोटरसायकलवर मागे बसून घाट चढायचं ते वय नव्हे. तळोदा सुटलं, सपाटी संपली, वळणं सुरू झाली. थंडी होती म्हणून मी गळ्यात मफलर गुंडाळला होता. दोन-तीन वळणं गेल्यावर दुरसिंगने गाडीचा वेग कमी केला आणि मान मागे वळवली. त्याला काहीतरी सांगायचं होतं.

“म... म...”

“चल रे, चल. उशीर होतोय.”

“म... म...”

मी गप्प बसलो. दुसरं काय करणार? त्याने गाडीच थांबवली. पाय टेकले.

“म... मफलर. च... चाकात जातोय.”

मी खाली बघितलं. मफलरचं टोक साखळीला चार बोटं राहिलं होतं. त्याला काळं वंगणही लागलेलं होतं. मी तो ओढून कोटात कोंबला.

“थांबलास ते बरं केलंस,” मी म्हणालो.

“तु... तुम्ही पण,” तो म्हणाला आणि हसला. पुन्हा किक मारली.

पुढे दोन तासांचा रस्ता होता. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. बडगुजर साडेदहाला पोचला असेल. चहा, पाणी, पंधरा मिनिटं. डिस्क लावली, होय म्हटलं, की वीस मिनिटांत सगळं कोरं. म्हणजे अकरा-सव्वाअकरालाच झालं असेल. दुरसिंग माझ्या टेबलासमोर उभा होता तेव्हाच. तरी मी चाललो होतो. परत फिर म्हणायला तोंड उघडलं नाही, एवढंच.

उमरपाटीचं केंद्र म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या. जीप अंगणात उभी होती. बडगुजर ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, पाय लांब करून. मला बघताच ताडकन उठला.

“बरं झालं आलात नेरकरसाहेब! तीन तास झाले, या बाई मला मशीनला हात लावू देत नाहीत!”

मला उतरता येईना. पाय आखडले होते. “म्हणजे? कोरं केलं नाही अजून?”

“कोरं कसलं करताय? खोलीला कुलूप लावून किल्ली कंबरेला खोचलीय. मी सहीचा कागद दाखवला, ओळखपत्र दाखवलं. म्हणतात, ताईंचा नियम आहे.”

दारात जमना सिस्टर उभ्या होत्या. जमना पाडवी, उमरपाटीच्या केंद्राच्या प्रमुख. बारीक अंगाची बाई, केस बरेच पिकलेले. मी त्यांना आधी एकदाच भेटलो होतो, कुमुदच्या तेराव्याला. दोन गाड्या बदलून आल्या होत्या.

“सर, बसा आधी. पाणी घ्या,” त्या म्हणाल्या.

“कुठला नियम, सिस्टर?”

त्या मला आत घेऊन गेल्या. मशीनच्या खोलीच्या दारावर पुठ्ठा लावलेला होता. कुमुदचं अक्षर मी कुठेही ओळखीन, उजवीकडे चढत जाणारं. ‘लाइन गेली, वीज गेली किंवा कुणी माणूस आला, तरी मशीनला हात लावण्याआधी मला फोन करणे. घड्याळ वाचून दाखवणे. मी हो म्हटल्यावरच पुढचे काम.’

मला तो प्रकार आठवला. पाच-सहा वर्षांपूर्वी इथल्या मशीनची आतली बॅटरी संपली होती आणि घड्याळ मागे गेलं होतं. कुणीतरी तसंच जोडून दिलं. या पेट्यांना घड्याळ चुकलेलं चालत नाही, पाच मिनिटांचा फरक पडला तरी त्या एकमेकींना ओळख देत नाहीत. दोन दिवस इथे कुणालाच मशीन उघडता आलं नव्हतं. तेव्हापासून कुमुद यांच्याकडून फोनवर घड्याळ वाचून घ्यायची. मला तो पोरखेळ वाटायचा.

“पण सिस्टर,” बडगुजर मागून म्हणाला, “ताई वारल्या ना? फोनही बंद आहे. मग फोन कुणाला करणार तुम्ही?”

“ते मला माहीत नव्हतं,” जमनाबाई म्हणाल्या. “म्हणून थांबले. खालून कुणीतरी येईलच ना विचारायला, काम का झालं नाही म्हणून.” मग माझ्याकडे वळल्या. “आलेच की तुम्ही.”

“आणि नसतो आलो तर?”

“तर हे परवा परत गेले असते.”

बडगुजरने कपाळावर हात मारला. “परवा! ऐका!”

जमनाबाईंनी कंबरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. पडदा चालू केला. कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं आणि शाळेत कविता म्हणतात तशा सरळ उभ्या राहिल्या.

“सतरा जानेवारी. एक वाजून बावन्न मिनिटं.”

त्या माझ्याकडे बघत होत्या. मला कळेना काय करायचं. मग कळलं. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “हो. करा पुढे.”

त्या बाजूला झाल्या.

मी पहिल्यांदा दुरसिंगचंच खातं उघडलं. तो माझ्या खुर्चीमागे उभा होता. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं.

‘बोलताना अडखळतो. फोन लागल्यावर मनात दहापर्यंत मोजा, मग नाव येतं. वाक्य तुम्ही पुरं करू नका, त्याला राग येतो. एक्स-रे फार चांगला काढतो.’

मी ते मोठ्याने वाचलं. वळून बघितलं तर दुरसिंग हेल्मेट छातीशी धरून पडद्याकडे बघत होता.

मग मी पुढचं उघडलं. मग त्याच्या पुढचं. बडगुजर दारात येऊन टेकला होता, तोही कटकट करायचा थांबला.

‘तापीबाई ठाकरे, सफाई. इंग्रजी अक्षरं येत नाहीत. जागा सांगा. वरची ओळ, डावीकडून तिसरं बटण, असं. चुकत नाही.’

‘डॉ. रणाळकर. नेहमी घाईत. आधी काम करून द्या, नियम मागून सांगा. उलटं केलं की भांडण होतं.’

‘वामन शिंपी, शिपाई. पासवर्ड विसरत नाहीत. विसरलो म्हणतात. घरी एकटे असतात. बहुतेक मंगळवारी फोन येतो. पाच मिनिटं द्या.’

ते मंगळवार मला आठवले. मी त्यांना म्हणालो होतो, कागदावर लिहून ठेवत जा की हो. त्यानंतर त्यांचा फोन आला नव्हता.

‘मंदाकिनी, म्हसावद. दीर बोलतोय असं सांगून एक माणूस हिची ड्यूटी विचारतो. दीर नाही, नवरा आहे. काही सांगायचं नाही. ती आज आहे की नाही, हेसुद्धा नाही.’

मी थांबलो. गेल्या आठ महिन्यांत असा कुणाचा फोन मी घेतला होता का? आठवून आठवून पाहिलं. नव्हता घेतला. की घेतला होता? मला खात्रीने सांगता येईना. घाट उतरल्यावर लगेच म्हसावदला जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की ती डिसेंबरपासून आईकडे राहते आणि बरी आहे. पण तो अर्धा दिवस मी विसरलेलो नाही.

‘सुरेखा भामरे, औषध भांडार. आडनाव दोनदा बदललंय. तिसऱ्यांदा बदलायला आली तर हसू नका.’

इथे बडगुजर हसला आणि मग गप्प झाला.

‘काशिनाथ सोनवणे, रक्त तपासणी. यांच्या पासवर्डात मुलाचं नाव आहे. मुलगा गेला. साठ दिवसांनी मशीन पासवर्ड बदला म्हणतं, तेव्हा यांच्यापुरती मी तारीख पुढे ढकलते. नियमात बसत नाही, माहीत आहे. तरी ढकला.’

ही पेटी, हे कप्पे, हे रकाने मला बावीस वर्षं माहीत होते. मी स्वतः बसवलेली यंत्रणा ती. कुठलं खातं कुठल्या कप्प्यात आणि कुणाला कुठला अधिकार, सगळं मला डोळे मिटून सांगता आलं असतं. सहाशे बारा नावं मी रोज बघत होतो. त्यांतला एकही माणूस मला माहीत नव्हता. तळोद्याला माझ्यापासून सहा फुटांवर तिचं टेबल होतं आणि तिथे बसून ती हे करत होती.

जमनाबाईंचं खातं आलं. मी ते वाचू की नको म्हणून थांबलो.

“वाचा की,” त्या म्हणाल्या. “वाईट असलं तरी वाचा.”

‘जमना पाडवी. घड्याळ वाचायला सांगा. हो म्हटल्याशिवाय कशाला हात लावणार नाही आणि लावू देणार नाही. काही अडलं तर हिच्यावर विसंबा.’

त्यांनी पदर तोंडाला लावला. जरा वेळाने म्हणाल्या, “तुमचं बघा, सर. तुमच्याबद्दल काय लिहिलंय?”

खरं सांगायचं तर मघापासून मी त्याच नावाकडे चाललो होतो आणि जात नव्हतो. भालचंद्र नेरकर. उघडलं. हुद्दा, फोन, सगळं होतं. खाली शेऱ्याचा रकाना.

रिकामा.

मी पुन्हा उघडून बघितलं. रिकामाच. सफाईच्या बाईबद्दल चार ओळी, शिंप्यांच्या वामनबद्दल पाच, आणि तीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्याबद्दल एक अक्षर नाही.

“काय झालं?” जमनाबाईंनी विचारलं.

“माझ्यापुढे काही नाही.”

“काहीच नाही?”

“नाही. सगळ्यांचं आहे, माझंच नाही.” माझा आवाज मलाच बरा वाटला नाही.

जमनाबाईंनी जरा विचार केला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “पण सर, तुमच्या खोलीत फोन उचलणारी माणसं किती?”

“दोन. मी आणि ती.”

“मग ताई नसल्यावर हे वाचणार कोण होतं?”

मी पुन्हा त्या रिकाम्या रकान्याकडे बघितलं.

“तुमचं लिहून तुम्हालाच वाचायला देतील का?” त्या म्हणाल्या.

मी मागे गेलो. पहिल्यापासून पुन्हा बघायला लागलो. दहापर्यंत मोजा. वाक्य पुरं करू नका. नियम मागून सांगा. हसू नका. नियमात बसत नाही, माहीत आहे. आमच्या घरात नियमांबद्दल कोण बोलायचं? हिशेबनीस कुलकर्ण्यांच्या खात्यावर तर लिहिलेलंच होतं, ‘कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने बोलतात, भांडत नाहीत. तुम्हीही मोठ्याने बोला. पण तुमचं मोठ्याने बोलणं भांडणासारखं होतं, म्हणून जरा बेताने.’

तुम्ही. ती मला तुम्ही म्हणायची.

या पेट्या आणखी एक गोष्ट लक्षात ठेवतात. कुठला रकाना कधी भरला, त्याची तारीख आणि वेळ. ती सहसा कुणी बघत नाही. मी ती काढली. सगळ्यात पहिला शेरा ती गेली त्याच्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला होता. एकोणीस तारीख, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.

त्या अठराला कुमुद नाशिकला गेली होती, बहिणीकडे. बहिणीकडे म्हणून गेली होती. तपासणीचा कागद तिच्या हातात तेव्हा पडला होता, हे मला तिने संक्रांतीला सांगितलं. तिळगूळ हातात देऊन सांगितलं. मधले दोन महिने ती रोज माझ्याबरोबर डबा खायची आणि मला काही कळू दिलं नाही. ते मला फार लागलं होतं. दोन महिने तू एकटी काय करत होतीस, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, “काम होतं ना.”

एकोणीस नोव्हेंबरपासून अठ्ठावीस एप्रिलपर्यंत तारखा होत्या. दिवसाला तीन, चार, पाच. उपचाराच्या आठवड्यांत एक किंवा काहीच नाही. मग पुन्हा चार. सहाशे दहा माणसं.

आणि सहाशे अकरावं, शेवटचं, तिचं स्वतःचं खातं.

‘हे बंद करा. वेळेवर करा. तुम्ही उगाच चालू ठेवाल, म्हणून लिहिलं.’

मी खुर्चीत मागे टेकलो. बाहेर कुणाचं तरी मूल इंजेक्शनच्या भीतीने रडत होतं आणि जमनाबाई “आले गं” म्हणून तिकडे गेल्या. बडगुजरने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला.

“साहेब,” तो म्हणाला, “चहा सांगू?”

“सांगा.”

मी सगळे शेरे एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. दोनदा घेतले. दुसरा पेन ड्राइव्ह बडगुजरने स्वतःचा दिला. मग त्याला म्हणालो, “करा आता कोरं.” तो डिस्क लावायला वाकला तेव्हा जमनाबाई दारात येऊन उभ्याच होत्या.

“घड्याळ,” त्या म्हणाल्या.

“अहो, मघाशी वाचलं ना!”

“ते मघाचं.”

बडगुजरने हात जोडले आणि स्वतःच वाचलं. “तीन वाजून वीस मिनिटं. सतरा जानेवारी. चालेल का?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला गेल्यावर पहिलं काम मी कुमुदचं खातं बंद करायचं केलं. उजवं बटण, बंद करा, होय. नावापुढे एक बारीकसा बाण येतो खाली तोंड केलेला, एवढाच फरक.

शेरे मी परत मशीनमध्ये भरले नाहीत. परीक्षकांचं म्हणणं खोटं नव्हतं, ते कुणालाही वाचता आले असते, मंदाकिनीच्या नवऱ्यालाही कुणी वाचून दाखवले असते. मी लांब बांधणीचं एक रजिस्टर आणलं आणि हाताने उतरवून काढले, रोज पंधरा-वीस. होळीच्या आधी पुरे झाले. ते फोनखालच्या खणात ठेवलं, कुलुपात. निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी आलेल्या बाईंच्या हातात किल्लीसकट दिलं. तोवर मागे आणखी त्र्याऐंशी माणसांचं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

पण हे पुढचं. त्या दिवशी, खातं बंद केल्यावर, मी नुसताच बसून होतो तेव्हा फोन वाजला. उचलला. पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास.

मी मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन. दहा झाले. काही आलं नाही. मी पुढे मोजत राहिलो.

चौदाव्याला आवाज आला. “दु... दुरसिंग.”

मला ते केव्हाच माहीत होतं. पण त्याच्या आधी मी म्हटलं नाही.